प्रोजेक्टरला डोळे हवेत



 प्रकाशयोजना आणि प्रोजेक्शनच्या या परिषदेच्या अध्यक्षाने आपल्या क्षेत्राचा सगळा पट मांडावा अशी अपेक्षा असते. लेझर, एलईडी आणि नव्या लेन्सेस यांच्यावर बोलायला माझ्याहून जाणकार मंडळी या दोन दिवसांत उभी राहणार आहेत. मी मात्र एकाच कामाबद्दल बोलणार आहे. या कामात आपल्यातल्या अनेकांच्या रात्री जातात आणि श्रेयनामावलीत त्याला कधी जागा मिळत नाही. ते काम म्हणजे जुळवणी. प्रोजेक्टरमधून निघालेला प्रकाश जिथे पडायला हवा तिथेच पाडायचा, खिडकीचे चित्र खिडकीवर, कमानीचे कमानीवर.

हे काम आपण आजही न पाहणाऱ्या यंत्राकडून करून घेतो. पाहणारे यंत्र कसे करायचे हे मात्र वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. ज्यांनी ते सिद्ध केले त्यांच्यात नाशिकमध्ये वाढलेला आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला एक माणूस आघाडीवर होता. तरीही आपल्या नाट्यगृहांत, संग्रहालयांत आणि किल्ल्यांवरच्या खेळांत त्याचे काम अजून पोहोचलेले नाही. मला हे मनापासून खटकते.

आधी अडचण नीट समजून घेऊ. प्रोजेक्टरला आपल्या चिपवरचे ठिपके तेवढे ठाऊक असतात. समोर भिंत आहे की खांब, भिंत सरळ आहे की तिरपी, आपण स्वतः कलून ठेवलेले आहोत का, यातले काहीच त्याला कळत नाही. तो खाली टेबलावर असेल आणि लेन्सचे तोंड वर असेल, तर पडद्यावरचा आयत वर रुंद आणि खाली अरुंद होतो. मग कुणीतरी पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवतो, कुणी रिमोटवरचे कीस्टोनचे बटण दाबत बसतो. सपाट पडद्याला हे पुरते. कोनाडे, सज्जे आणि झिजलेल्या पायऱ्या असलेल्या वास्तूवर याचा काडीइतकाही उपयोग होत नाही.

जुळवणीची ही चिंता तशी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र काचेवर हाताने रंगवलेली चित्रे घेऊन ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ करत. पडद्यावरची ती चित्रे स्थिर आणि सरळ राहावीत म्हणून दिव्यापाशी उभा असलेला माणूस नजरेने अंदाज घेई आणि हाताने दुरुस्ती करी. डोळे माणसाचे आणि प्रकाश यंत्राचा, ही विभागणी पुढे शंभर वर्षे तशीच राहिली.

१९८० साली मायकेल नायमार्क या अमेरिकी कलावंताने एक विलक्षण प्रयोग सुरू केला. त्याने एक दिवाणखाना मांडला, मधोमध संथ फिरणाऱ्या तबकडीवर चित्रपटाचा कॅमेरा ठेवला आणि खोलीत वावरणाऱ्या माणसांचे चित्रीकरण केले. मग सोफा, दिवे, भिंती, चीजवस्तू, सगळ्यांवर पांढरा रंग फवारला. कॅमेरा काढला, त्याच तबकडीवर, त्याच जागी प्रोजेक्टर ठेवला आणि तीच फिल्म खोलीवर परत सोडली. पांढऱ्या सोफ्यावर सोफ्याचे रंग पुन्हा बसले. माणसे तेवढी तिथे नव्हती, त्यांच्या जागी प्रकाश होता. हा प्रयोग मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगतो, कारण आपल्या विषयाचे मूळ सूत्र त्यात उघडे पडते. प्रोजेक्टर म्हणजे उलटा चालवलेला कॅमेरा. एकात जगातले किरण लेन्समधून आत येऊन ठिपक्यांवर पडतात, दुसऱ्यात ठिपक्यांतून निघून लेन्समधून जगावर जातात. भूमिती दोन्हींची एकच. नायमार्कने दोघांना एकाच जागी ठेवून गणित टाळले. आपल्याला तशी मुभा क्वचितच मिळते. कॅमेरा एकीकडे आणि प्रोजेक्टर दुसरीकडे असतो, आणि त्या दोघांमधले नाते गणिताने शोधावे लागते.

हे गणित पद्धतशीरपणे मांडणाऱ्यांत सुरुवातीला उल्लेखलेल्या नाशिकच्या त्या माणसाचे, रमेश रासकर यांचे, नाव ठळक आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात हेन्री फुक्स आणि ग्रेग वेल्च यांच्यासारख्यांबरोबर काम करताना १९९८ मध्ये त्यांच्या गटाने भविष्यातल्या कार्यालयाची कल्पना मांडली. छतावरच्या दिव्यांच्या जागी प्रोजेक्टर आणि कॅमेरे असतील, आणि कोणतीही भिंत किंवा टेबल पडदा होऊ शकेल. खोलीचा आकार मोजण्यासाठी प्रोजेक्टरने पट्ट्यांचा नमुना आणि लगेच त्याची उलट प्रत इतक्या वेगाने दाखवायची की माणसाच्या डोळ्याला फक्त साधा उजेड दिसेल, मोजमाप मात्र कॅमेऱ्याला मिळेल. २००१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ताजमहालाच्या पांढऱ्या प्रतिकृतीवर दोन प्रोजेक्टरांनी संगमरवराचा पोत, सावल्या आणि बदलता प्रकाश चढवून दाखवला. आज जगभर प्रोजेक्शन मॅपिंग या नावाने जे चालते, त्याच्या पायाभूत कामांत हे मोडते. मात्र त्यात जुळवणीचे बिंदू माणूसच दाखवत होता. प्रतिकृतीवरचे ओळखीचे कोपरे एकेक करून प्रोजेक्टरच्या फुलीने टिपायचे. असे किमान सहा बिंदू मिळाले की प्रोजेक्टर कुठे आहे आणि कुठे पाहतो आहे हे समीकरणांतून निघते.

पुढचे पाऊल त्याच वर्षी पडले, आणि आजच्या भाषणाचा तोच गाभा आहे. रासकर तेव्हा मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत होते. तिथे पॉल बिअर्ड्स्ले यांच्यासह त्यांनी स्वतःची चूक स्वतः सुधारणारा प्रोजेक्टर केला. त्याला एक कॅमेरा जोडलेला होता आणि एक कल मोजणारा संवेदक. दोन्ही का लागतात हे समजून घ्या, कारण बाजारात सगळी फसगत इथेच होते.

सपाट भिंतीवर प्रोजेक्टरने चार बिंदू टाकले आणि कॅमेऱ्याने ते पाहिले, की दोघांच्या चित्रांमधले नाते आठ आकड्यांत पक्के होते. कॅमेरा आणि प्रोजेक्टर एकमेकांना घट्ट बसवलेले आणि आधी मोजून ठेवलेले असतील, तर भिंत किती दूर आहे आणि किती तिरपी आहे हेही कळते. पण एवढ्यावरून भिंतीवर वर कुठे आणि खाली कुठे हे कळत नाही. यंत्र डावीकडे कलले असेल तर त्याच्याबरोबर कॅमेराही कलतो. त्याच्या दृष्टीने सगळे सरळच असते. इथे तो संवेदक गवंड्याच्या ओळंब्याचे काम करतो. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण कोणत्या दिशेला ओढते आहे तेवढेच तो सांगतो, आणि तेवढे पुरते. भिंतीचे प्रतल कॅमेऱ्याकडून आणि खालची दिशा संवेदकाकडून मिळाली, की त्या भिंतीवर उभा, काटकोनी आयत कुठे बसेल हे एकाच पद्धतीने ठरते. टेबलाच्या पृष्ठभागावर किंवा छतावर मात्र हा संवेदक मुका होतो. तिथे गुरुत्वाची दिशा पृष्ठभागाला लंब असते, त्यामुळे चित्राचा वरचा काठ कोणता हे माणसालाच सांगावे लागते. संग्रहालयात टेबलावर नकाशा पाडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

२००३ मध्ये याच गटाने अनेक प्रोजेक्टर एकमेकांशी बोलून स्वतःची मांडणी स्वतः करतील अशी व्यवस्था दाखवली. त्यात वक्र पृष्ठभाग होते, घुमट होते. पुढच्या वर्षी जॉनी ली आणि सहकाऱ्यांनी उलट बाजूने विचार केला. कॅमेरा काढून टाकला आणि पडद्याच्याच चार कोपऱ्यांत प्रकाश टिपणारे बारीक संवेदक बसवले. प्रोजेक्टर पट्टे टाकतो, प्रत्येक कोपरा आपल्यावर पडलेला काळ्या-पांढऱ्याचा क्रम वाचून आपली जागा कळवतो. नाटकवाल्यांनो, या कल्पनेकडे जरूर पाहा. चाकांवर सरकणाऱ्या नेपथ्याच्या फळ्यांना असे चार संवेदक लावले, तर प्रवेश बदलल्यावर फळी थोडी इकडेतिकडे उभी राहिली तरी चित्र तिच्यावरच बसेल.

हे पट्टे काम कसे करतात ते जवळून पाहू. नेहमीच्या प्रोजेक्टरवर १९२० उभे स्तंभ आणि १०८० आडव्या ओळी असतात. प्रत्येक स्तंभाला काळ्या-पांढऱ्याच्या भाषेत स्वतःचा क्रमांक द्यायचा, तर ११ चित्रे पुरतात, कारण दोनाचा अकरावा घात २०४८ होतो. ओळींसाठी आणखी ११. प्रत्येकाची उलट प्रत धरली की ४४, आणि पूर्ण पांढरे व पूर्ण काळे अशी दोन मिळून ४६. कॅमेऱ्याचा एकेक ठिपका ही ४६ चित्रे पाहतो आणि आपल्यासमोरच्या दगडावर प्रोजेक्टरचा कोणता ठिपका पडतो आहे ते नेमके सांगतो. क्रमांक साध्या द्विमान पद्धतीने न देता बेल लॅब्जच्या फ्रँक ग्रे यांच्या संकेताने देतात. त्याचे पेटंट १९५३ चे. त्यात शेजारच्या दोन क्रमांकांत एकाच जागी फरक असतो, म्हणून पट्ट्याच्या कडेवर कॅमेऱ्याची गफलत झाली तरी चूक एका स्तंभापुरती राहते, पाचशे स्तंभ पलीकडे उडी मारत नाही. उलट प्रत का लागते? कारण आपल्याकडचा काळा पाषाण. बसाल्ट प्रकाश फार कमी परतवतो, शेजारची चुन्याची भिंत भरपूर परतवते. उजेडाची एकच ठरीव पातळी धरून काळे-पांढरे ठरवले तर पाषाणावरचे पांढरेही काळे वाटते. नमुना आणि त्याची उलट प्रत यांत कोणता उजळ, एवढेच विचारले तर दोन्हीकडे उत्तर बरोबर येते.

आणखी एक गोष्ट मला इथे फार मोलाची वाटते. संरक्षित स्मारकाच्या भिंतीवर आपण खिळा ठोकू शकत नाही, खूण रंगवू शकत नाही, आणि चिकटपट्टीही लावू नये. पट्ट्यांच्या पद्धतीत प्रकाश हीच खूण असते. मोजमाप संपले की भिंतीवर काहीही उरत नाही. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासारख्या वास्तूचा ज्याला आदर आहे, त्याला यापेक्षा सभ्य मोजपट्टी मिळणार नाही.

आता प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊ. तटबंदीसमोर पन्नास मीटरवर परांची उभी आहे, वर दोन प्रोजेक्टर. रात्रीचे दोन वाजलेत. एक मुलगा वर लॅपटॉपवर जाळीचे बिंदू माऊसने ओढतो आहे. दुसरा भिंतीपाशी वॉकीटॉकी घेऊन सांगतो आहे, ‘अजून दोन बोटं डावीकडे. आता वर. नाही, जास्त झालं, जरा खाली घे.’ पहाटेपर्यंत कमान कमानीवर बसते. दुसऱ्या दिवशी उन्हाने लोखंड तापते, दुपारी वारा सुटतो, वीजवाला केबल ओढायला वर चढतो. संध्याकाळी प्रोजेक्टर एका अंशाचा दहावा भाग तेवढा कललेला असतो. पन्नास मीटरवर तेवढ्याने चित्र सुमारे पावणेनऊ सेंटिमीटर सरकते. वीस मीटर रुंद चित्रात एक ठिपका साधारण एक सेंटिमीटरचा, म्हणजे आठ-नऊ ठिपक्यांची घसरण. महिरपीच्या कडेला लावलेली सोनेरी रेघ दगड सोडून पोकळीत पडते, आणि प्रेक्षकांची रांग लागलेली असताना ती दोन पोरे पुन्हा वर चढतात. हे मी अनेकदा पाहिले आहे. त्या पोरांच्या चिकाटीचे कौतुक करून आपण थांबतो याचे मला वाईट वाटते. अंधारात, थकलेल्या अवस्थेत परांचीवर चढण्याची पाळी त्यांच्यावर येऊ न देणे हे आपल्या हातात आहे.

यावर मी सुचवतो ती रचना अशी. प्रत्येक प्रोजेक्टरच्या चौकटीवर गती आणि कल मोजणारा छोटा संवेदक, आणि परांचीपासून वेगळ्या, पक्क्या जागी एक कॅमेरा. मोबाइल फोनमध्ये असतात तसले स्वस्त संवेदक अंशाच्या दहाव्या भागासाठी पुरेसे भरवशाचे नसतात. तापमान बदलले की त्यांचे आकडेही हलतात, आणि आडवे वळण गुरुत्वाच्या दिशेवरून कळतच नाही. त्यामुळे त्यांच्यावर चित्र सरकवण्याचे काम सोपवू नये. काहीतरी हलले, एवढे त्यांनी क्षणात सांगावे. किती हलले हे कॅमेऱ्याने भिंतीवरचे ओळखीचे कोपरे पाहून ठरवावे. संवेदक झटपट पण ढोबळ, कॅमेरा सावकाश पण नेमका. दोघांकडून ज्याचे त्याचे काम घेतले, तर खेळापूर्वी ती ४६ चित्रे एकदा दाखवून चहा संपायच्या आत जुळवणी नवी होते.

रंगमंचावर, हलत्या माणसावर प्रकाश बसवताना वेळेचे गणित कठोर होते. सेकंदाला तीस चित्रे घेणारा कॅमेरा एका चित्राला तेहेतीस मिलिसेकंद घेतो. त्यात संगणकाचा आणि प्रोजेक्टरचा वेळ मिळवला की पन्नास मिलिसेकंद सहज होतात. नर्तिकेचा हात सेकंदाला दोन मीटर वेगाने गेला, तर प्रकाश तिच्या हातामागे दहा सेंटिमीटर राहतो. टोकियो विद्यापीठात सेकंदाला हजार चित्रे टाकणारा प्रोजेक्टर झाला आहे आणि तिथे उशीर काही मिलिसेकंदांवर आला आहे. ते यंत्र आपल्या थिएटरांत लगेच येणार नाही. पण हाताच्या मनगटावर गतीचा संवेदक बांधला तर त्याच्या वेगवान आकड्यांवरून हात पुढे कुठे असेल याचा अंदाज आजच बांधता येतो. कॅमेऱ्याला अवरक्त प्रकाशात पाहायला लावावे, म्हणजे स्वतःच्याच प्रोजेक्टरच्या रंगांनी तो गोंधळत नाही.

आणि नटाच्या डोळ्यांचा विचार करा. प्रखर प्रोजेक्टरसमोर उभे राहून संवाद म्हणणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर तो झोत सरळ पडतो. कॅमेऱ्याला चेहरा दिसतो, प्रोजेक्टरचा कोणता ठिपका त्या चेहऱ्यावर जातो हे आपण आधीच मोजलेले असते, मग तेवढे ठिपके काळे करणे ही काही ओळींच्या आज्ञावलीची गोष्ट आहे. जुळवणीचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात. श्री नायर आणि सहकाऱ्यांनी कोलंबिया विद्यापीठात २००३ च्या सुमारास भिंतीचा रंग मोजून त्याची भरपाई करणारी पद्धत दाखवली. नक्षीदार भिंतीवर चित्र पाडले तरी नक्षी जवळजवळ दिसेनाशी होते. पण लाल विटेने जो निळा प्रकाश गिळला तो कोणतेही गणित परत आणू शकत नाही, आणि प्रोजेक्टर उजेड वाढवू शकतो, आधीचा उजेड वजा करू शकत नाही. बाजूचा रस्त्यावरचा दिवा विझवायला नगरपालिकेलाच सांगावे लागते. शिवाय खोल कोनाडे असलेल्या भिंतीवर चित्र एकाच जागेवरून बरोबर दिसेल असे बसवायचे, की दगडाला चिकटून राहील असे, हा निर्णय कॅमेरा घेत नाही. माझे मत स्पष्ट आहे. जिथे शेकडो माणसे वेगवेगळ्या ठिकाणी बसतात तिथे दगडाला चिकटलेलेच चित्र हवे. मधल्या खुर्च्यांवरच्या पाहुण्यांसाठी सगळ्या मैदानाला वाकडे दाखवू नये.

आपल्या निविदांत किती ल्युमेन, किती प्रोजेक्टर, हे विचारले जाते. कॅमेरा, संवेदक आणि मोजमापाचे दिवस यांसाठी एक ओळही नसते. ती ओळ यायला हवी, आणि या परिषदेने तसा ठराव करावा अशी माझी विनंती आहे. जिथे जिथे आपण खेळ करतो त्या वास्तूची त्रिमितीय मोजमापे एकदा नीट घेऊन वास्तूच्या व्यवस्थापनाकडे ठेवावीत, म्हणजे पुढच्या संघाला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. आज प्रत्येक कंत्राटदार मोजमाप घेतो आणि काम संपले की ते त्याच्याबरोबर निघून जाते. तंत्रनिकेतनांत आणि नाट्यशास्त्राच्या विभागांत हा विषय मराठीतून शिकवला जावा. प्रतल, किरण, कोन, घात हे शब्द शाळेतल्या भूमितीपासून आपल्याजवळ आहेत. ओपनसीव्ही हे संगणकीय दृष्टीचे खुले, मोफत साधन आहे, ग्रे संकेताचे पट्टे तयार करण्याची आणि वाचण्याची सोय त्याच्या जोडसंचात आहे. महागड्या परवान्यांमुळे अडून राहावे अशी स्थिती उरलेली नाही.

आज दुपारच्या कार्यशाळेसाठी मागच्या दालनात एक साधा प्रोजेक्टर, एक वेबकॅम आणि कल मोजणारा संवेदक मांडून ठेवला आहे. पडदा मुद्दाम लावलेला नाही. समोर कोपऱ्यातला खांब, दोन पायऱ्या आणि एक जुने लाकडी कपाट आहे. आधी हाताने जुळवून पाहा, मग पट्टे टाकून पाहा, आणि कुणीतरी टेबलाला धक्का द्या. आपापला लॅपटॉप आणा, ओपनसीव्ही आणि त्याचा जोडसंच आधीच घालून आणलात तर सगळ्यांचा वेळ वाचेल. तीन वाजता सुरुवात करू.